रिकामा डावा पाय

सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसलेल्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये गिअर हातानं पडत नाही, कानानं पडतो. क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. वरचा गिअर घ्यायचा असेल तर इंजिन खाली उतरेपर्यंत थांबा, खालचा घ्यायचा असेल तर रेस देऊन ते वर न्या. मग पुन्हा क्लच, आणि आवाज जुळला त्या क्षणी दांडा ढकला. जुळला असेल तर दांडा आतून कुणी ओढून घेतल्यासारखा जातो. नसेल तर करकर. ती सगळ्या केबिनला ऐकू जाते, आणि शेजारच्या सीटवरचा उस्ताद काही न बोलता खिडकीबाहेर बघायला लागतो. शिव्या परवडल्या, पण ते बाहेर बघणं नको.

ह्या डबल क्लचवर मी शिकलो. पुढे सिंक्रोमेशच्या गाड्या मिळाल्या, आणि त्यानंतर क्लचचं पेडलच नसलेल्या. डाव्या पायाला तेव्हापासून काही काम नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. हे आधीच सांगून टाकतो. अवजड गाड्या चालवणारे चार जण एकत्र बसले की बोलणं हमखास ‘तेव्हाचं चालवणं म्हणजे चालवणं होतं’ ह्या वाटेला लागतं, आणि मला त्या वाटेनं जायचं नाही. दांडा परत नको. पण त्या दांड्याला एक सवय बांधलेली होती. दांडा गेला तशी ती सवयही सैल होते, आणि तिचं काम मात्र तसंच उरतं. बोलायचंय ते त्या सवयीबद्दल.

आधी चढाचं गणित बघू, म्हणजे ती सवय कशातून आली ते कळेल.

बारा गिअरच्या गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण पंधरास एक असतं (इंजिनाचे पंधरा फेरे तेव्हा गिअरबॉक्सबाहेर एक) आणि बाराव्याचं एकास एक. मधल्या अकरा पायऱ्या सारख्या अंतराच्या धरल्या तर एकेक पायरी सुमारे २८ टक्क्यांची होते. म्हणजे १४०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) वरचा गिअर टाकला की इंजिन ११०० च्या आसपास येऊन बसतं, आणि ११०० ला खालचा टाकायचा तर त्याला १४०० पर्यंत चढवावं लागतं. सपाट रस्त्यावर हे तीनशेचं अंतर कानात बसायला फार दिवस लागत नाहीत. खरी परीक्षा चढावर.

४० टनांची गाडी ६ टक्क्यांच्या चढावर, वेग ताशी ३० किलोमीटर, इंजिन ११०० वर आणि दमलेलं. तुम्ही क्लच दाबलात. त्या क्षणापासून चाकांना ताकद नाही आणि चढ मात्र मागे खेचतोच आहे. दोन सेकंद घेतले तर वेग ताशी साडेचार किलोमीटरहून थोडा जास्तच घटतो. तिशीवरची गाडी पंचविशीवर येते. तुम्ही पुस्तकाप्रमाणे इंजिन १४०० वर नेऊन दांडा ढकलायला जाता आणि गिअर पडत नाही. कारण गाडी तोवर मंदावलेली असते आणि आता तिला १४०० नव्हे, १२०० च हवे असतात. पुन्हा जुळवायला जावं तर आणखी दोन सेकंद जातात, वेग विशीवर येतो आणि हा गिअरही हातचा जातो. आता त्याच्याही खालचा शोधायचा. असं करत गाडी चढावर उभी राहते. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, आणि तिथून भरलेली गाडी पुन्हा उचलताना क्लचप्लेटचा वास केबिनभर पसरतो.

म्हणून शिकवणारा गिअर कसा टाकायचा हे सांगायचाच, पण कधी टाकायचा हे जास्त सांगायचा. ‘‘अरे, इंजिन रडायला लागल्यावर काय करतोस? चढ मघाशीच दिसला होता ना?’’ जाणता माणूस चढ सुरू होण्याआधी, गाडीत अजून जोर असताना, एकदम दोन गिअर खाली यायचा. वळणाचं तेच, दूरच्या सिग्नलचं तेच, अरुंद पुलाचंही तेच. नजर अर्धा किलोमीटर पुढे ठेवावीच लागे, कारण उशीर झाला तर हात काहीच करू शकत नसे. लांब बघण्याची सवय लावणं कुणाच्या स्वभावावर सोडलेलं नव्हतं. गिअरबॉक्सच ती लावून घ्यायचा.

दांड्यानं दाते सरकवून जुळवायची ही कल्पना फार जुनी. एमिल लेव्हासोर ह्या फ्रेंच माणसानं १८९० च्या दशकात ती मोटारीत आणली, आणि ‘रांगडं आहे, पण चालतं’ अशा अर्थाचं काहीतरी तो तिच्याबद्दल म्हणाल्याचं सांगतात. कॅडिलॅकनं १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला आणि मोटारवाल्यांची करकर थांबली. अवजड गाड्यांपर्यंत तो सुख घेऊन यायला बराच वेळ लागला. अमेरिकेत तर फुलर रोडरेंजरसारखे सिंक्रोमेश नसलेले गिअरबॉक्सच पिढ्यानपिढ्या चालले. दणकट, दुरुस्तीला सोपे, दहा-तेरा-अठरा गिअरचे. तिकडचे मुरलेले ड्रायव्हर चालत्या गाडीत क्लचला हातच, म्हणजे पायच, लावत नाहीत. नुसत्या आरपीएमच्या अंदाजावर गिअर काढतात आणि घालतात. युरोपनं सिंक्रोमेश घेतला. १९८० च्या दशकात तिथे स्कॅनियानं अशी व्यवस्था आणली की कोणता गिअर घ्यावा हे कॉम्प्युटर सुचवायचा आणि क्लच ड्रायव्हरनं दाबायचा. २००१ मध्ये व्होल्व्होचा आय-शिफ्ट आला, आणि पुढच्या काही वर्षांत क्लचचं पेडल हळूहळू केबिनमधून नाहीसं झालं.

ह्या नव्या यंत्राच्या पोटात काय आहे ते कळल्यावर मला हसू आलं होतं. ते मोटारींतल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकसारखं नाही. पोटात तोच जुना गिअरबॉक्स आहे, तीच कोरडी क्लचप्लेट आहे. फक्त दांडा आणि पेडल ह्यांच्या जागी हवेच्या दाबावर चालणारे पिस्टन आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर. त्यातही गंमत म्हणजे अशा कित्येक गिअरबॉक्सच्या मुख्य भागात सिंक्रोमेश ठेवलेलाच नाही. वरचा गिअर टाकताना एक छोटा ब्रेक आतली काउंटरशाफ्ट नावाची फिरती कांब मंदावतो, खालचा टाकताना कॉम्प्युटर इंजिनला नेमकी हवी तेवढी रेस देतो, आणि दाते जुळतात. म्हणजे ज्या कामासाठी आम्ही कान तयार केले तेच काम, फक्त आवाजाऐवजी सेन्सरवर. आणि एका सेकंदाच्या आत.

तो माझ्यापेक्षा चांगला गिअर टाकतो. कुरकुर न करता मान्य करण्यासारखी गोष्ट आहे. चढावरच्या त्या हलत्या आकड्याचा हिशेब तो करतो, कारण वेग किती घटतोय हे त्याला क्षणाक्षणाला कळत असतं. तो कंटाळत नाही. बाराव्या तासाला त्याचा पाय दुखत नाही. मीही ताजातवाना असताना बरा चालवायचो. पण रात्री अडीच वाजताचा मी आणि सकाळी साडेसातचा मी हे दोन वेगळे ड्रायव्हर होते, आणि डिझेलच्या हिशेबात ते दिसायचं. आताची इंजिनं तर अशी बांधलेली असतात की महामार्गावर ती हजार-अकराशे आरपीएमला गुमान चालावीत, आणि त्या अरुंद पट्ट्यात इंजिन सतत ठेवायचं तर गिअर इतक्या वेळा बदलावे लागतात की माणूस वैतागून अर्धे बदल टाळेल. टाळायचोच आम्ही. ‘जाऊ दे, ह्याच गिअरमध्ये ओढेल’ हे वाक्य किती डिझेल प्यायलं असेल!

मग अडतं कुठे? तर त्याला कळतं पुष्कळ, पण दिसत काही नाही. गाडीवर किती वजन आहे हे तो वेग पकडण्याच्या पद्धतीवरून ताडतो. चढ किती हे कलाच्या सेन्सरवरून. माझा पाय पेडलवर किती खाली आहे, इंजिनवर किती ताण आहे, चाकं किती फिरतायत, सगळं. पण जे अजून घडायचंय ते त्याच्या जगात नाही. चढाचा माथा पन्नास मीटरवर आलाय, जरा कळ काढली की गाडी आहे त्याच गिअरमध्ये वर जाईल, हे मला दिसतं. त्याला इंजिन दमल्याचं कळतं आणि तो ऐन माथ्याजवळ खालचा गिअर टाकतो, ताकद तुटते, ट्रेलर एक हिसका देतो, आणि दुसऱ्याच सेकंदाला सपाटी. अशा वेळी आधीच मॅन्युअलवर, म्हणजे गिअर आपणच निवडण्याच्या सोयीवर, घेऊन गिअर धरून ठेवावा. बोटाच्या एका टिचकीचं काम आहे. ते न करता गिअरबॉक्सला नावं ठेवणारे मी बरेच पाहिलेत.

चिखलाचं तर विचारूच नका. भुसभुशीत जमिनीवर गाडी चालते ती केवळ चालत राहिल्यामुळे. ताकद पाव सेकंद तुटली तरी चाकं रुततात. आणि हे यंत्र कितीही चलाख असलं तरी आत गिअरबॉक्स जुना आहे, गिअर बदलताना त्याला ताकद तोडावीच लागते. (दोन क्लचवाले गिअरबॉक्स ह्यावर उपाय म्हणून आले, व्होल्व्होनं २०१४ मध्ये अवजड गाडीत तसा दिला, पण ते सरसकट सगळीकडे नाहीत.) तेव्हा बांधकामाच्या जागी, खाणीत, शेताच्या कडेला नियम साधा: मॅन्युअलवर घ्या, पार जाईपर्यंत पुरेल असा एक गिअर निवडा, आणि बाहेर पडेपर्यंत त्याला हात लावू नका. हा निर्णय पहिलं चाक मऊ जमिनीवर जाण्याआधी घ्यायचा असतो. नंतर घेऊन उपयोग नाही.

डावा पाय मला खरोखर कुठे आठवतो तर गोदामाच्या फलाटाला गाडी मागे लावताना. क्लच जिथे धरायला लागतो तो बिंदू पायाच्या तळव्याला कळायचा, आणि ट्रेलर बोटभर मागे नेता यायचा. आता उजव्या पायानं विनंती करायची आणि कॉम्प्युटरनं क्लच किती धरायचा ते ठरवायचं. विनंती आणि अंमलबजावणी ह्यांच्यात एक क्षण जातो. त्या क्षणात माणूस पेडल आणखी दाबतो, आणि गाडी जास्तच मागे जाते. नव्या गाड्यांत सावकाश हलवण्यासाठी वेगळी सोय असते, अगदी रांगत चालणारे जादा गिअरही मिळतात, त्यामुळे हे दुखणं कमी झालंय. गेलेलं नाही. क्लच तापल्याची सूचना पडद्यावर येते तेव्हा बहुतेक वेळा गाडी अशीच कुठेतरी इंच-इंच सरकत असते.

नकाशा आला आणि वाटलं, आता यंत्राला डोळेही मिळाले. २०१२ च्या सुमारास मर्सिडीज, स्कॅनिया, व्होल्व्हो ह्यांनी एकापाठोपाठ जीपीएसवरून पुढचा चढउतार ओळखणाऱ्या प्रणाली बाजारात आणल्या. पुढे चढ आहे म्हणून थोडा वेग आधीच वाढवून ठेवणं, माथा जवळ आलाय म्हणून गिअर न बदलणं, उतार दिसतोय म्हणून माथ्यावर पाय उचलणं, ही उस्तादाची अक्कल, आता सॉफ्टवेअरमध्ये. माथ्याबद्दलची माझी वरची तक्रार अशा गाडीत बरीचशी लागू पडत नाही.

ह्याच प्रणालींबरोबर एक गोष्ट पचवायला मला फार जड गेली. सौम्य उतारावर गिअरबॉक्स आपणहून न्यूट्रल होतो आणि गाडी नुसती घरंगळते. उतारावर न्यूट्रल! आमच्या शिकवणीत ह्याहून मोठा गुन्हा नव्हता. पण यंत्राचा न्यूट्रल आणि डिझेल वाचवायला माणसानं केलेला न्यूट्रल ह्यांत फरक आहे. त्याला उतार किती लांब आणि किती तीव्र आहे ते माहीत असतं. तो फक्त हलक्या उतारावर, इंजिन चालू ठेवून हे करतो, आणि वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की किंवा मी ब्रेकला स्पर्श केला की गिअर परत घालतो. माणूस न्यूट्रल करतो तो बहुधा नको तिथेच, आणि परत गिअर घालायला जातो तेव्हा आरपीएम जुळत नाहीत. युक्तिवाद मला पटतो. पोटात गोळा यायचा तो येतोच.

मात्र नकाशाला रस्ता माहीत असतो, रस्त्यावरचं काही माहीत नसतं. पुढच्या वळणापलीकडे बंद पडलेला ट्रॅक्टर, सांडलेलं तेल, ब्रेक सारखे दाबत चाललेला समोरचा नवखा. हे बघायला केबिनमध्ये एकच जण बसलेला आहे. आणि नेमकं त्याचंच लांब बघणं ह्या सगळ्या सोयींनी कमी होऊ शकतं, कारण आता उशिरा बघितलं तरी लगेच काही बिघडत नाही. चढावर गाडी उभी राहत नाही, करकर होत नाही. चूक झाल्याचं सांगणारं कुणी उरलेलं नाही.

लांब उतारावर मात्र ते सांगणारं अजून आहे. क्लेसी कमिन्स, म्हणजे ज्याच्या नावाची इंजिनं जगभर चालतात तो, १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काहॉन घाटातून आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक उतरवत होता. ब्रेक तापून निकामी झाले, गाडी आवरेना, आणि खाली रेल्वे फाटकावर आगगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात चुकली. तो प्रसंग त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्यातून पुढे इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्ती निघाली, आणि १९६१ पासून तो इंजिन ब्रेक विकला जाऊ लागला.

आकडे बघितले तर त्याची धास्ती समजते. ४० टन, ६ टक्के उतार, ताशी ६० किलोमीटर: उतार गाडीला जवळजवळ ३९० किलोवॅट पुरवत असतो. टायर आणि वारा त्यातले पन्नास-साठ खातात. उरलेले सव्वातीनशेहून अधिक किलोवॅट कुणीतरी सतत उष्णता करून बाहेर टाकले पाहिजेत, नाहीतर वेग वाढतो. पायातले ब्रेक हे काम थोडा वेळ करतात, मग तापतात आणि धरेनासे होतात. वेग निम्मा केला तर हा आकडाही निम्म्याच्या जवळ येतो. उतार सुरू होण्याआधी वेग उतरवा, ह्या सांगण्यामागे एवढंच आहे.

‘ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर’ असं आम्हाला शिकवलं गेलं. तो नियम आता पुरत नाही. आजच्या गाड्या वारा कमी अडवतात, त्यांचं घर्षण कमी आहे, इंजिनं मोठी आहेत, त्यामुळे ज्या गिअरमध्ये त्या सहज चढतात त्यात त्या उतरताना आवरत नाहीत. आणखी खालचा लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक परवान्याच्या पुस्तिकेतही हेच छापलेलं असतं. इथे गिअरबॉक्स चांगली मदत करतो, हे मला उशिरा उमगलं. रिटार्डर, म्हणजे पायातले ब्रेक न दाबता गाडी आवरणारं जादा साधन, आपली उष्णता इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्यात सोडतो. पाणी फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. म्हणजे आरपीएम जास्त तर पाणी जोरात फिरणार आणि रिटार्डर जास्त वेळ टिकणार. वरचा गिअर ठेवून, शांत आवाजात, नुसत्या रिटार्डरवर उतरणारा ड्रायव्हर त्याला अर्ध्या घाटात दमवतो. यंत्र ते ओळखतं आणि खालचे गिअर टाकून इंजिन ओरडायला लावतं. नवख्यांना तो आवाज ऐकून काहीतरी मोडतंय असं वाटतं.

तरी मी घाटाच्या तोंडाशी मॅन्युअल घेतो. यंत्रावर विश्वास नाही म्हणून नव्हे. कोणत्या वेगानं उतरायचं हे त्याला सांगावं लागतं आणि ते फक्त मी सांगू शकतो. गिअर मी निवडला की वेग मी निवडला. शिवाय सुरुवातीलाच चुकीचा वेग ठेवला तर पुढे खालचा गिअर मागूनही यंत्र देत नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. तिथे ते बरोबर असतं, आणि आपण अडकलेले.

परवान्यांचे नियम ह्या बदलामागे धावतायत. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर ‘ई’ शिक्का बसतो आणि व्यावसायिक कामात मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. युरोपनं सूट दिली: आधीच मॅन्युअल मोटारीचा परवाना असेल तर ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिल्यानं बंधन येत नाही. मला दुसरं जास्त शहाणपणाचं वाटतं. डबल क्लच येत नाही म्हणून कुणी वाईट ड्रायव्हर ठरत नाही. पण जे तास त्या शिकवणीत जायचे ते वाचले, तर ते उतार वाचायला शिकवण्यात घालावेत. ते होताना मला तरी कमी दिसतं. आता गिअरबॉक्स शिकवत नाही, तेव्हा माणसानंच शिकवायला हवं.

आणि हेही फार दिवस असं राहणार नाही. विजेच्या ट्रकमध्ये गिअरच कमी. मर्सिडीजच्या ई-अ‍ॅक्ट्रॉस ६०० मध्ये चारच आहेत. उतारावर मोटर उलटी जनरेटर होते आणि बॅटरी भरते, ब्रेक थंड राहतात. ४० टनांची गाडी ५०० मीटर खाली आली तर त्या उंचीची ऊर्जा ५४-५५ किलोवॅट-तास भरते. सगळी परत मिळत नाही, पण बरीच मिळते. सहाशे किलोवॅट-तासांच्या बॅटरीत हा जवळजवळ अकरावा हिस्सा झाला. फक्त बॅटरीत जागा हवी. ती काठोकाठ भरलेली असेल तर वीज घेत नाही, आणि ब्रेकचं ते काम दुसऱ्या कुणावर तरी येतं. डोंगरावर मुक्काम केलात आणि सकाळी उतरायचं असलं, तर रात्री चार्जर लावताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवा.